डावा लोब दिसत नाही, असा रिपोर्ट आला तर

मान थोडी सुजल्यासारखी वाटते, वजन वाढतंय, पाळी अनियमित झाली आहे, अशा कारणांनी डॉक्टर गळ्याची सोनोग्राफी सांगतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये ती आता गल्लीच्या टोकाला होते. बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये थायरॉईड थोडी मोठी आहे, बारीक गाठी आहेत, असं काहीतरी लिहिलेलं असतं. क्वचित एखाद्याच्या रिपोर्टमध्ये मात्र वेगळीच ओळ येते: थायरॉईडचा डावा लोब दिसून येत नाही. घरात तो कागद हातोहात फिरतो आणि प्रश्न सुरू होतात. ग्रंथी सुकली का? कॅन्सरने खाल्ली का? आता ऑपरेशन करावं लागेल का?

बहुतेक वेळा या तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच असतं. तो लोब मुळात तयारच झालेला नसतो. या स्थितीला वैद्यकात थायरॉईड हेमिएजेनेसिस म्हणतात. तिची पहिली नोंद 1866 सालची म्हणून दिली जाते. ही स्थिती स्वतः आजार नाही, आणि केवळ तिच्यासाठी कोणतंही औषध किंवा ऑपरेशन लागत नाही. तरी ती आपल्याला आहे हे माणसाला ठाऊक असलंच पाहिजे, कारण पुढे कधी गळ्यावर सुरी चालवायची वेळ आली तर या एका माहितीवर सगळा निर्णय बदलतो. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

गर्भात थायरॉईड मानेत तयार होत नाही. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना ती जिभेच्या मुळाशी उगवते, तिथून खाली सरकत सातव्या आठवड्याच्या सुमारास मानेत आपल्या जागी पोचते आणि श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन लोब पसरतात. मधल्या पट्टीला इस्थमस म्हणतात. या प्रवासात तीन प्रकारची गडबड होऊ शकते. ग्रंथी बनतच नाही, ती वाटेत कुठेतरी, बहुधा जिभेच्या मुळाशीच अडकते, किंवा जागेवर पोचते पण एकच लोब वाढतो. तिसऱ्या प्रकारात न वाढलेला लोब बहुतेकांत डावा असतो. सुमारे पाचातल्या चार जणांत तसं आढळतं, आणि त्यांतल्या निम्म्यांना इस्थमसही नसतो. असं का होतं याचं पक्कं उत्तर फार थोड्या रुग्णांत सापडतं. काही जनुकांचा संबंध दिसला आहे, पण बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणालाही ही स्थिती नसते. आईने गरोदरपणात काय खाल्लं, काय पाहिलं, कुठल्या ग्रहणात बाहेर पडली याचा इथे काहीही संबंध नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण घरात दोष बहुतेक वेळा आईवरच येतो.

हे किती जणांत असतं? इटलीतल्या सिसिली बेटावर 24 हजारांहून अधिक शाळकरी मुलांची सोनोग्राफी केली, तेव्हा 12 मुलांत एकच लोब निघाला, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या पुढे होती. सिसिलीचं प्रमाण इथे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही, पण अंदाजापुरतं धरलं तरी या पट्ट्यात साडेचारशेच्या आसपास माणसं एका लोबवर जगत असतील. त्यांतल्या बहुतेकांना ते कधी कळणारही नाही, कारण उरलेला लोब थोडा मोठा होतो आणि दोघांचं काम एकटा निभावतो.

आता रिपोर्ट हातात असेल तर काय करायचं ते पाहू.

सगळ्यात आधी जुनी फाईल काढा. लहानपणी गळ्याचं ऑपरेशन झालं होतं का, थायरॉईडसाठी कधी रेडिओआयोडीन घेतलं होतं का, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. गळ्यावर पुसट आडवा व्रण असेल तर डॉक्टरांना दाखवा. कितीतरी ‘नसलेले’ लोब कधीकाळी काढून टाकलेले असतात आणि घरच्यांना फक्त ‘गाठ काढली होती’ एवढंच आठवतं.

मग रक्ताची तपासणी: टीएसएच, फ्री टी-4 आणि थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडीज, म्हणजे अँटी-टीपीओ. केस आणि त्वचेसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं आणि त्यामुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. त्या घेत असाल तर तपासणीच्या दोन दिवस आधी थांबवा, आणि लॅबमध्ये तसं सांगा. एक लोब असलेल्या माणसाचा टीएसएच इतरांपेक्षा किंचित वरच्या बाजूला असतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. मर्यादेच्या आत असेल तर त्यावरून गोळी सुरू करण्याची घाई नको.

तिसरी गोष्ट म्हणजे सोनोग्राफी अनुभवी हातांनी पुन्हा करून घेणं. त्यात उजवा लोब किती मोठा आहे, त्यात गाठ आहे का, मानेत वर जिभेखाली कुठे थायरॉईडचा तुकडा आहे का, हे नीट पाहून लिहून मागा. कधी त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीने न्यूक्लियर स्कॅन सांगतात. स्कॅनमध्ये फक्त एका बाजूचं चित्र येतं आणि ते हॉकी स्टिकसारखं दिसतं. पण केवळ त्या चित्रावरून निष्कर्ष काढू नये. एका बाजूची गाठ जास्त काम करत असेल तर ती दुसरा लोब झोपवते, मग तो जागेवर असूनही स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून स्कॅन आणि सोनोग्राफी एकमेकांशी ताडून पाहायला हवेत. गरोदर असाल तर हा स्कॅन करायचा नाही, आणि बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी सांगायचं.

सगळे आकडे ठीक आले तर वर्षातून एकदा टीएसएच, डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी, आणि नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ. एवढं पुरेसं आहे. आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या, ‘थायरॉईड शुद्ध करणारे’ काढे यांपासून एका लोबच्या माणसाने खास लांब राहावं. जादा आयोडीनने ग्रंथीचं काम बिघडतं, आणि इथे दुसरा लोब मदतीला नाही.

पण मग वर्षाला तपासणी तरी कशासाठी? पोलंडमधल्या पोझनानच्या डॉक्टरांनी 2010 साली अशा 40 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना थायरॉईडचे इतर आजार सर्वसामान्य माणसांपेक्षा जास्त आढळले. उरलेला लोब वर्षानुवर्षं जास्त टीएसएचच्या ताणाखाली राहतो, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं. हाशिमोटो म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी हळूहळू मंदावणं. ग्रेव्हज म्हणजे ग्रंथी अति वेगाने चालणं. शिवाय एक किंवा अनेक गाठी, क्वचित पॅपिलरी प्रकारचा कॅन्सर, आणि शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथींचा विकार, हे सगळे हेमिएजेनेसिससोबत नोंदले गेले आहेत.

पॅराथायरॉईडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या या साधारण चार ग्रंथी थायरॉईडच्या मागच्या बाजूला असतात आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्यांचा गर्भातला उगम थायरॉईडपेक्षा वेगळा असल्याने थायरॉईडचा डावा लोब नसला तरी त्या बाजूच्या पॅराथायरॉईड सहसा असतात. त्यांतली एखादी वाढली तर मुतखडा वारंवार होतो, हाडं दुखतात, थकवा येतो, बद्धकोष्ठता होते, खूप लघवी होते. आपल्याकडे मुतखडा झाला की पाणी पी म्हणतात आणि हाडं दुखली की वय झालं म्हणतात. एकच लोब असलेल्या माणसाला यातलं काही होत असेल तर रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉईड हार्मोन आणि ड जीवनसत्त्व या तिन्ही तपासण्या एकत्र करायला सांगा. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर वाढलेलं कॅल्शियम झाकलं जातं, म्हणून तीही हवी.

ग्रेव्हजची लक्षणं ओळखणं सोपं असतं. छातीत धडधड, हात थरथरणे, भूक असूनही वजन उतरणे, घाम, कधी डोळे मोठे होऊन बाहेर येणे. त्यासाठी कार्बिमाझोल दिलं असेल तर एक इशारा लक्षात ठेवा. गोळी चालू असताना ताप आला आणि घसा फार दुखू लागला तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा आणि पांढऱ्या पेशी मोजून घ्या. हा त्रास क्वचित होतो, पण झाला तर जीवावर बेततो.

आता सुरीकडे येतो. उरलेला उजवा लोब मोठा झाला की मान एका बाजूने फुगलेली दिसते. पाहणाऱ्याला वाटतं उजव्या बाजूला गाठ आहे, काढून टाकू, डावी बाजू आहेच की. हा लोब काढला तर माणसाकडे थायरॉईड उरतच नाही आणि दुसऱ्या दिवसापासून आयुष्यभराची गोळी सुरू होते. कॅन्सर असेल तर ते करावंच लागतं, आणि केलं पाहिजे. पण साध्या वाढीसाठी किंवा निरुपद्रवी गाठीसाठी असा निर्णय सुईने घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीशिवाय, म्हणजे एफएनएसीशिवाय, होता कामा नये. ऑपरेशन ठरलंच तर सर्जनना थेट विचारा: माझी दुसरी बाजू आहे का, तुम्ही ती सोनोग्राफीत पाहिलीत का, आवाजाच्या नसेची काय काळजी घेणार, आणि ऑपरेशननंतर कॅल्शियम किती दिवस तपासणार. चांगला सर्जन या प्रश्नांनी नाराज होत नाही.

हाच धोका मुलांत आणखी मोठा असतो. मुलाच्या हनुवटीखाली, गळ्याच्या मधोमध, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ बहुतेक वेळा थायरोग्लॉसल सिस्ट असते. ती ग्रंथीच्या खाली उतरण्याच्या वाटेवर उरलेली पिशवी असते आणि ती काढायचं ऑपरेशन छोटं मानलं जातं. पण थोड्या मुलांत तिथेच, किंवा जिभेच्या मुळाशी लालसर गोळ्यासारखी, त्या मुलाची सगळी थायरॉईड असते. जिभेवरची थायरॉईड लाखात एखाद्याला असते, पण ज्यांना असते त्यांतल्या सुमारे सत्तर टक्के जणांकडे दुसरी थायरॉईडच नसते. सिस्ट समजून ती काढली तर मूल आयुष्यभरासाठी गोळीवर जातं, आणि काय घडलं हे पुढच्या काही महिन्यांत वाढ खुंटल्यावरच लक्षात येतं. म्हणून गळ्याच्या मधल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं की आधी एकच प्रश्न: थायरॉईड मानेत जागेवर आहे हे सोनोग्राफीत दिसलं आहे का? शंभर प्रश्नांपेक्षा हा एक महत्त्वाचा आहे.

मोठ्यांसाठी एका लोबची गोष्ट सावधगिरीपुरती आहे. नवजात बाळाची ग्रंथी कमी पडत असेल तर मात्र दिवसांचा हिशेब असतो. ग्रंथी नसणं, ती चुकीच्या जागी असणं किंवा ती हार्मोन बनवू न शकणं, यांपैकी काहीही असलं तर बाळाच्या मेंदूला लागणारं हार्मोन मिळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखंच वाढतं, शाळेत जातं, शिकतं. उशीर झाला तर गेलेली बुद्धी कोणत्याही औषधाने परत येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली, तेव्हा हे प्रमाण सुमारे 1130 बाळांमागे एक निघालं. पाश्चात्त्य देशांत ते साधारण दोन ते चार हजारांत एक सांगितलं जातं. म्हणजे हा आपल्या शेजारच्या प्रसूतिगृहातला प्रश्न आहे.

घरच्यांच्या निरीक्षणावर इथे विसंबता येत नाही, कारण जन्मतः बाळ बहुधा ठीकच दिसतं. आईचं हार्मोन काही दिवस त्याला पुरतं. मग कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरत नाही, शी घट्ट होते, जीभ मोठी दिसते, बेंबी फुगते, आवाज घोगरा होतो, टाळू मोठी राहते. आणि बाळ फार झोपतं. रडत नाही, दूध मागत नाही, कुणाला त्रास देत नाही. आजी कौतुकाने म्हणते, किती शांत बाळ आहे. या कौतुकातच महत्त्वाचे आठवडे निघून जातात.

तपासणी साधी आहे. जन्मताच नाळेतलं रक्त, किंवा 48 तासांनंतर टाचेतून काढलेले काही थेंब. पहिल्या एक-दोन दिवसांत प्रत्येक बाळाचा टीएसएच नैसर्गिकरीत्या उसळतो, म्हणून मधल्या वेळेत घेतलेला नमुना गोंधळ करतो. तुम्हाला लवकर डिस्चार्ज मिळणार असेल तर नाळेचं रक्त घ्यायला आधीच सांगून ठेवा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, जुळं असेल किंवा काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला हवं.

मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या या तपासणीचं काम 1980 च्या दशकातच सुरू केलं होतं. गोव्याने 2008 साली सरकारी प्रसूतिगृहांत नवजात तपासणीचा कार्यक्रम आणला. केंद्राचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून. त्यातली पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. ते काम मोलाचं आहे, पण अंगणवाडीच्या वयात सापडलेला जन्मजात थायरॉईडचा दोष फार उशिरा सापडलेला असतो. हा दोष प्रसूतिगृहातच पकडावा लागतो. उल्हासनगरमधल्या अनेक सिंधी कुटुंबांना लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी करून घेण्याची सवय आहे. तेवढ्याच सहजतेने बाळंतपणात टीएसएच विचारला गेला पाहिजे.

रिपोर्ट वाढलेला आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करतात, आणि आकडा फार मोठा असेल तर त्या निकालाची वाट न पाहता गोळी सुरू करतात. स्कॅन मिळायला वेळ लागतोय म्हणून औषध थांबवायचं नसतं. कारण नंतरही शोधता येतं. लेव्होथायरॉक्सिनचा डोस वजनावर, सुरुवातीला किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम, डॉक्टर ठरवतात. गोळी दोन चमच्यांत चुरून थोड्या आईच्या दुधात किंवा पाण्यात मिसळून लगेच पाजा. दुधाच्या भरल्या बाटलीत टाकू नका, कारण बाटली पूर्ण संपत नाही. लोह आणि कॅल्शियमची औषधं काही तास दूर ठेवा. पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. ‘आता बरं दिसतंय’ म्हणून स्वतःच गोळी बंद करणं हा सगळ्यात घातक निर्णय आहे. दोष तात्पुरता होता का, हे तीन वर्षांनंतर डॉक्टर गोळी थोडे आठवडे थांबवून बघतात. त्याआधी नाही.

मोठ्यांनीही गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना हे जमत नाही आणि गोळी चहासोबत जाते. तसं होत असेल तर रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बाटली ओलाव्यापासून जपा, पावसाळ्यात विशेष. गरोदर राहिल्याचं कळताच, गोळी चालू असो वा नसो, एका लोबच्या स्त्रीने त्याच आठवड्यात टीएसएच करावा. गर्भ पहिले काही महिने पूर्णपणे आईच्या हार्मोनवर असतो.

कुठे जायचं? सुरुवात जवळूनच करा: उल्हासनगर कॅम्प 3 चं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, आणि बाहेर पाठवायच्या रक्ततपासण्या महालॅबमार्फत होतात. थायरॉईडच्या तपासण्या त्यात होतात का, हे ओपीडीत विचारा. ऑपरेशन लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. गुंतागुंत असेल तर परळ गाठावं. केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी विभाग, मुलांसाठी वाडिया रुग्णालय, आणि 1963 पासून थायरॉईडच्या न्यूक्लियर तपासण्या आणि उपचार करणारं भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत. बदलापूर-कर्जत लोकलने दादर, पुढे परळ. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफीची फिल्म घ्या. नुसता मोबाईलमधला फोटो पुरत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये तो लोब नसल्याचं पक्कं झालं असेल तर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘थायरॉईडचा डावा लोब जन्मतः नाही.’ घरात एखादीचे दिवस भरत आले असतील तर पुढच्या तपासणीला तिच्यासोबत जा आणि प्रसूतिगृहात विचारा: बाळाचा टीएसएच कधी घेणार, आणि रिपोर्ट आम्हाला कोण देणार?